काचेमागचा साक्षीदार

रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर झालेली तुम्ही कधीतरी पाहिली असेल. टक्कर एका क्षणात होते. वाद मात्र तासभर चालतो. रिक्षावाला म्हणतो, "हिरवा दिवा माझ्या बाजूला होता." मोटारवाला म्हणतो, "नाही, माझ्या बाजूला होता." भोवती पन्नास माणसे जमतात. त्यांतील बहुतेकांनी धडक पाहिलेली नसते; ती आवाज ऐकून धावत आलेली असतात. तरीही प्रत्येक जण काही ना काही सांगतो. पुष्कळदा मोठी गाडी ज्याची, त्याच्याच माथी दोष मारला जातो.

आता समजा, तुमच्या घरी अब्बा किंवा चाचा टॅक्सी चालवतात. अशा वादात त्यांची गाडी पोलीस ठाण्यात अडकून पडली, तर तितक्या दिवसांची रोजी बुडते. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, तर त्या दिवसांचीही बुडते. चूक नसताना हे सारे सोसावे लागले तर? या भीतीपोटीच अलीकडे अनेक चालक गाडीच्या समोरच्या काचेला आतून एक छोटा कॅमेरा लावतात. त्याला डॅश कॅमेरा म्हणतात. चालकासमोरच्या फळीला डॅशबोर्ड म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आज तो बहुधा आरशामागे काचेला चिकटवलेला असतो, पण नाव तेच राहिले.

हा कॅमेरा साक्षीदाराचे काम करतो. 'साक्षीदार' हा शब्दही मोठा गमतीचा आहे. त्यातील 'साक्षी' संस्कृतातला आणि 'दार' फारसीतला. दुकानदार, जमीनदार या शब्दांत आहे तोच. उर्दूत साक्षीदाराला गवाह म्हणतात. वकील, दावा, तारीख, हजर हे कचेरीतले शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच आहेत. पण हा काचेमागचा गवाह कितपत भरवशाचा? पैसे खर्च करण्याआधी हे तपासले पाहिजे.

प्रथम त्याचे काम कसे चालते ते पाहू. गाडी सुरू झाली की कॅमेरा आपोआप सुरू होतो. तो एका सेकंदात साधारणपणे ३० चित्रे घेतो. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती जेमतेम ५५ सेंटिमीटर सरकते. माणसाच्या डोळ्यांना जे 'अचानक' वाटते, ते कॅमेऱ्यात टप्प्याटप्प्याने दिसते.

ही चित्रे नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठतात. चित्रण मध्यम प्रतीचे असेल, तर एका मिनिटाला सुमारे १०० मेगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर किती वेळ मावेल? तुम्हीच गणित करा. उत्तर साडेदहा तासांच्या आसपास येईल. कार्ड भरले, की कॅमेरा सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहू लागतो. दिवसभर टॅक्सी चालवणाऱ्याच्या कार्डावर कालचे चित्रण आज संध्याकाळी बहुधा उरत नाही.

मग टक्कर झाली, तर तेही पुसले जाईल का? तसे होऊ नये म्हणून कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा एक बारीक भाग असतो. जोराचा हिसका बसला, की त्या वेळचे चित्रण वेगळे राखून ठेवले जाते. योजना चांगली आहे, पण ती आखणाऱ्यांनी आपले रस्ते पाहिले नसावेत! खड्ड्यात चाक आदळले, तरी कॅमेऱ्याला ती टक्करच वाटते. मग कार्डावर अशा राखून ठेवलेल्या खड्ड्यांचीच गर्दी होते. म्हणून हिशेबी चालक या भागाची संवेदनशीलता कमी करून ठेवतो आणि मधूनमधून कार्ड साफ करतो.

आता फायद्याकडे वळू. रशियात असे कॅमेरे पूर्वीपासून फार वापरात आहेत. तेथे मुद्दाम गाडीपुढे पडून भरपाई मागणाऱ्या लबाडांचा उपद्रव होता आणि विम्याचे तंटेही होते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी चेल्याबिन्स्क शहरावरील आकाशातून एक प्रचंड तेजस्वी अशनी गेला आणि फुटला. त्याच्या हादऱ्याने हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे १५०० लोक जखमी झाले. त्या वेळी रस्त्यावरील मोटारींचे कॅमेरे चालूच होते. निरनिराळ्या ठिकाणांहून टिपलेले ते चित्रण शास्त्रज्ञांनी जुळवले. त्यावरून त्यांनी अशनीचा मार्ग काढला आणि त्याचा वेगही ठरवला. तो सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर होता. टकरीचे भांडण मिटवण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी आकाशातून आलेल्या पाहुण्याचीही साक्ष दिली!

हे चित्रण भारी ठरले ते अनेक ठिकाणांहून टिपले गेले म्हणून. तुमच्या गाडीत कॅमेरा एकच असतो आणि तो समोरच पाहतो. मागून कोणी धडक दिली, तर त्याला फक्त हिसका कळतो. धडक देणारा दिसत नाही. बाजूने घासून गेलेली दुचाकीही त्याच्या नजरेतून सुटते.

नंबरप्लेटचे काय? विक्रेता सांगतो, "साहेब, प्रत्येक गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल." इथे थोडे थांबा. कॅमेऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी दिसावी म्हणून त्याची काच फार रुंद कोनाची असते. त्यामुळे दूरच्या वस्तू लहान दिसतात. साध्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद असते. त्यात २० मीटर अंतरावरील गाडीची नंबरप्लेट सुमारे २० ठिपक्यांत मावते. प्लेटवर अक्षरे आणि अंक मिळून साधारण दहा असतात. एकेकाच्या वाट्याला दोन ठिपके आले, तर ते वाचणार कसे? पाचसहा मीटरवर आलेल्या गाडीचा नंबर लागतो, तोही दिवसा. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात पुष्कळदा पांढऱ्या डागाशिवाय काही दिसत नाही. जास्त ठिपक्यांचा कॅमेरा घेतला, तर फरक पडतो. पण किंमत वाढते आणि कार्डही लवकर भरते.

दुसरा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत काचेजवळ तर हात लाववत नाही. कॅमेऱ्यात लहानशी बॅटरी असेल, तर ती अशा उष्णतेत फुगते आणि निकामी होते. म्हणून आपल्याकडे बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घेणे बरे. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही, तुम्ही विचारा. गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवायचे असेल, तर वीज गाडीच्या बॅटरीतून घ्यावी लागते. ती ठरावीक मर्यादेखाली जाताच वीज तोडणारे साधन बसवले नाही, तर सकाळी गाडीला धक्का मारण्याची पाळी येते.

चित्रण मिळाले म्हणजे दावा जिंकला, असेही नाही. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद न्यायालयात गेला होता. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा चित्रणाची नक्कल दाखल करायची असेल तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे. त्यावर यंत्र सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाचीही सही लागते. शिवाय कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल आणि चित्रावर दोन वर्षांपूर्वीची तारीख उमटली असेल, तर समोरचा वकील काय म्हणेल ते तुम्हीच ओळखा.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांनी आपले चित्रण करायला संमती दिलेली नसते. जर्मनीतील माग्देबुर्ग शहरात दोन मोटारी शेजारी शेजारी डावीकडे वळताना एकमेकींना घासल्या. आपली मार्गिका कोणी सोडली, यावर भांडण झाले. एकाकडे कॅमेरा होता, पण खालच्या न्यायालयांनी ते चित्रण पाहण्यास नकार दिला. १५ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, की कारणाशिवाय सतत चित्रण करणे नियमाविरुद्ध आहे. तरीही अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून पाहता येईल. आपल्या देशातही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. टॅक्सीत बसलेल्या उतारूंचे घरगुती बोलणे कार्डावर साठवण्याचे चालकाला काय कारण? अशा कॅमेऱ्यात आवाज बंद करण्याची सोय असते. ती वापरावी, असे मला वाटते.

आणि चूक आपलीच असेल तर? कॅमेरा मालकाची बाजू घेत नाही. तुमचा वेग जास्त होता, तुम्ही लाल दिवा ओलांडलात, हेही त्यात दिसते. काहींना हा तोटा वाटतो. मला विचाराल, तर चाचांच्या गाडीत कॅमेरा लावण्याचे हे एक चांगले कारण आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्यावर नजर आहे हे ठाऊक असलेला चालक जरा जपून वळण घेईल.

मग घ्यावा की नाही? रोज रस्त्यावर राहून पोट भरणाऱ्यांनी घ्यावा. पुढचा एक साधा, उन्हात टिकणारा कॅमेरा आणि वारंवार लिहिण्यासाठी बनवलेले चांगले कार्ड एवढे पुरे. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या घरच्या मोटारीला मात्र घाई नाही. तेच पैसे आधी झिजलेले टायर बदलण्यासाठी खर्च करावेत.

आपल्या घरी असा कॅमेरा असेल, तर एक गोष्ट आजच अब्बांना सांगा. अपघात झालाच, तर आधी जखमींना दवाखान्यात पोहोचवायचे. त्यानंतर कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढायचे आणि पाकिटात जपून ठेवायचे. पोलिसांना ते दिले, तर त्याची पावती घ्यायची. कार्ड तसेच आत राहिले आणि गाडी पुन्हा धावू लागली, तर काही तासांत नवे चित्रण जुन्याच्या जागी येऊन बसेल.