खारे पाणी, वाळू आणि खरबूज

मातीवाचून फळ येते, हे ऐकून तापीकाठी वाढलेल्या आपणांस नवल वाटू नये. नदीचे पाणी ओसरले, की वाळूत चर खणून, त्यांत शेणखत घालून टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावण्याची रीत खानदेशात जुनी आहे. वाळूत अन्न जवळजवळ नसतेच. ती मुळांना आधार, हवा आणि ओल देते. पोषण खतातून होते. मृदाविरहित शेतीचे तत्त्व एवढेच. शोल्टो डग्लस यांनी १९४६च्या सुमारास कालिंपोंगला खडी-वाळूच्या वाफ्यांत मोजकी रासायनिक खते देऊन पिके घेतली, तीही याच तत्त्वावर.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. १६१५ साली बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याचे गोडे पाणी प्यालेल्या आपल्या गावाला खाऱ्या विहिरीचे दुःख सहज कळणार नाही. परंतु चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देववत नाही. त्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे सूक्ष्म कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. एका हंगामाच्या पाण्याने जमीन पुढे कित्येक वर्षे भोगते.

वाळूत किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात बिघडण्याजोगी चिकणमातीच नसते. साचलेले मीठ जादा पाण्याने धुऊन काढता येते. खाऱ्या पाण्यातून ओल ओढून घेणे मुळांना जड जाते, हे मात्र टळत नाही. आणि वाफा वाळू लागला, की उरलेल्या ओलीतील मीठ अधिकच दाट होते. म्हणून ठिबकने थोडे थोडे, पण वारंवार पाणी द्यावे लागते. रोप कोवळे असेतो गोडेच पाणी हवे. फळ धरल्यावर मचूळ पाणी चालते. फळ लहान राहते, उत्पन्न घटते, पण गोडी वाढते. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात भूगर्भातील मचूळ पाण्यावर टोमॅटो आणि खरबुजे घेतात, ती याच हिशेबाने. मचूळ म्हणजे किती? लिटरला दोन ग्रॅम क्षार असले, तरी खरबुजाला ते जाणवतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतात.

एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. वाफ्यातून निथळणारे पाणी विहिरीच्या पाण्याहून अधिक खारे असते. ते बांधापलीकडे सोडणे म्हणजे आपली जमीन राखून शेजाऱ्याची नासणे होय. ज्याच्याकडे अस्तराचा वाफा आणि निथळा आटवण्याची टाकी नाही, त्याने हा प्रयोग करू नये, असेच मी विचारणाऱ्याला सांगतो.