परक्या शहरातील वाट

धुळ्याच्या माणसास घराचा पत्ता विचारला, तर तो प्रथम आकडा सांगतो: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. जळगावच्या माणसास विचारला, तर तो नाव सांगतो: नवी पेठ, बळीराम पेठ, शनिपेठ. दोन्ही शहरे खानदेशातीलच. परंतु वाट सांगण्याची त्यांची रीत भिन्न आहे. धुळे येथे १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज याने नवी वसाहत आखली आणि समांतर गल्ल्यांस पुढे क्रमांक मिळाले. तिच्या शेजारचे जुने धुळे मात्र वाकड्यातिकड्या बोळांचेच राहिले. जळगाव पेठापेठांनी वाढले, आणि प्रत्येक पेठेने आपले नाव जपले. हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याने जगातील निम्म्या शहरांची किल्ली घरबसल्या मिळविली असे म्हणावयास हरकत नाही.

आज खानदेशातील कितीतरी घरांतील मुलेमुली परदेशी नोकरीस आहेत, आणि त्यांच्याकडे प्रथमच जाणाऱ्या आईबापांची संख्याही थोडी नाही. मुलगा व सून सकाळी कामावर निघून जातात. मागे ही दोघे दार लावून बसतात. कारण बाहेर पडलो आणि घर सापडले नाही तर काय, ही धास्ती. अशा रीतीने सहा महिन्यांचा परदेश खिडकीतून पाहून परत येणारी माणसे आहेत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांस वाट दाखविली, त्यांनी केवळ चुकण्याच्या भयाने घरात कोंडून घ्यावे, ही खेदाची गोष्ट होय. वास्तविक शहर वाचता येते. त्याची लिपी तेवढी शिकावी लागते.

न्यूयॉर्क हे धुळ्याच्या जातीचे शहर. तेथील मॅनहॅटन बेटाची आखणी १८११ साली झाली. लांबीच्या दिशेने बारा ॲव्हेन्यू आणि त्यांना काटकोनात छेदणारे १५५ स्ट्रीट, अशी ही चौकट. स्ट्रीटचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात. पुढच्या कोपऱ्यावरचा आकडा वाढला की घटला, एवढे पाहिले म्हणजे आपण कोणत्या दिशेस चाललो हे समजते. आणि असे सुमारे वीस स्ट्रीट ओलांडले म्हणजे एक मैल चालणे झाले. पाचव्या ॲव्हेन्यूच्या एका अंगास पूर्व व दुसऱ्या अंगास पश्चिम. म्हणून पत्त्यातील ‘ईस्ट’ किंवा ‘वेस्ट’ हा शब्द गाळून चालत नाही. तो गाळला तर आकडा बरोबर आणि घर भलतेच, असा प्रकार होतो. बेटाचे दक्षिण टोक मात्र या आखणीपूर्वीचे आहे. ते त्या शहराचे जुने धुळे! तेथे आकडे संपतात आणि नावे सुरू होतात.

लंडन हे जळगावच्या वळणाचे. तेथे रस्त्यास नाव असते, आणि एकच नाव शहराच्या अनेक भागांत आढळते. हाय स्ट्रीट किंवा चर्च रोड किती आहेत याची गणती करणेच कठीण. हा घोटाळा पत्रे वाटणाऱ्यांनाही नडू लागला, तेव्हा १८५७-५८ मध्ये टपालखात्याने शहराचे दिशावार विभाग पाडले आणि १९१७ मध्ये त्यांस क्रमांक जोडले. रस्त्याच्या पाटीवर नावाजवळ जी अक्षरे व आकडा दिसतो, तो हाच विभाग. नाव जुळले पण विभाग जुळला नाही, तर पाऊल तेथेच थांबवावे. घरांचे क्रमांक बहुधा एका बाजूस विषम व दुसऱ्या बाजूस सम असतात. परंतु जुन्या रस्त्यांत एकाच बाजूस ओळीनेही आढळतात. पंतप्रधानांचे दहा क्रमांकाचे प्रसिद्ध घर अकरा क्रमांकास लागूनच आहे.

लंडनच्या भुयारी आगगाडीचा नकाशा हा नवख्याचा खरा मित्र. हॅरी बेक नावाच्या विद्युत्-आरेखकाने तो १९३१ साली काढला व १९३३ साली तो छापला गेला. विजेच्या जोडणीच्या आकृतीप्रमाणे त्याने सर्व मार्ग सरळ व तिरक्या रेषांत बसविले. गाडी कोठे बदलावी हे त्यावरून चटकन कळते. मात्र अंतर कळत नाही. कॉव्हेंट गार्डन व लेस्टर स्क्वेअर या स्थानकांमध्ये पाव किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे, तरी नकाशावर भुलून प्रवासी तेवढ्यासाठी जिने उतरून गाडीत बसतात.

तिसरी रीत जपानची. तोक्योत बहुतेक रस्त्यांना नावच नसते. तेथे वस्तीच्या तुकड्यांना क्रमांक असतात आणि तुकड्यांतील घरांना निराळे. साहजिकच तेथील माणसासही पुष्कळदा वाट विचारावी लागते, आणि त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर ‘कोबान’ ही छोटी पोलीस चौकी असते. वाट विचारणे हे तेथे अज्ञानाचे लक्षण मानीत नाहीत.

आता कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असता एवढा खटाटोप कशास? मोबाइल उत्तम चाकर आहे. पण त्याच्या मर्यादा जाणून त्यास राबवावे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेची खूण पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांच्या खुणा पोचण्यास किती वेळ लागला, यावरून मोबाइल आपले ठिकाण काढतो. उंच इमारतींच्या दाटीत त्या लहरी भिंतींवर आपटून येतात व ठिकाण चुकते. भुयारात तर त्या पोचतच नाहीत. शिवाय जागच्या जागी उभे असता तोंड कोणत्या दिशेस आहे, याबाबतही तो फसतो. यास्तव स्थानकातून वर आल्यावर पाच-पन्नास पावले चालून पाहावे, नकाशावरील ठिपका कोणीकडे सरकतो ते ध्यानी घ्यावे, मग पुढे जावे. आणि मोबाइलची शक्ती संपली तर? त्यासाठी घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवावा. ज्यास तेथील भाषा येत नाही, त्याला तो कागदच बोलका होतो.

पहिल्या दिवशी घराभोवती एकच फेरी घालावी व आल्या वाटेने परतावे. परतताना तोच रस्ता निराळा दिसतो. म्हणून जाताना दोनदा मागे वळून पाहावे. दुसऱ्या दिवशी एक कोपरा अधिक. अमेरिकेत वाहने उजव्या अंगाने धावतात, तेव्हा रस्ता ओलांडताना आपल्या सवयीच्या उलट प्रथम डावीकडे पाहावे. तेथील ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला, हेही स्मरणात असावे. संकटसमयी अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९ आणि युरोपात ११२ हे क्रमांक आहेत.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षांचे, पती बरोबर नाहीत, जवळ नकाशा दाखविणारे यंत्र नाही. परंतु त्यांना उतरवून घेण्यास कार्पेंटरबाई आल्या होत्या; आधीची काही वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. समुद्रापलीकडची वाट आनंदीबाईंनी पत्रांतून, म्हणजे माणसास विचारूनच, आधी तयार करून ठेवली होती.

धुळ्याच्या बाजारात नवखा शेतकरी ‘भाऊ, अमुक गल्ली कोणती?’ असे निःसंकोच विचारतो आणि त्यास उत्तर मिळते. हेच धैर्य त्याच्या मुलाच्या गावी, सात समुद्रांपलीकडेही, उपयोगी पडते. वाट चुकणे ही नामुष्की नव्हे. चुकू या भीतीने दाराबाहेर न पडणे, हीच खरी वाट चुकणे होय.