चकव्यात सापडलेला कॅमेरा

नागरा गोंदिया शहराला लागूनच आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, बांध्यांना विभागणारे धुरे, मध्येच एखादी बोडी म्हणजे लहानसे तळे, आणि गावात महादेवाचे जुने देऊळ. दिवसा हा मुलूख पायाखालचा असतो. रात्री मात्र हाच मुलूख एखाद्याला घरी पोचू देत नाही, असे या भागातली जुनी माणसे सांगतात. माणूस ओळखीच्या धुऱ्याने निघतो, तासभर चालतो आणि पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली येऊन उभा राहतो. दिशा बदलली तरी झाड तेच. त्याला चकवा लागलेला असतो. यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे: जिथे आहेस तिथेच बस आणि उजाडेपर्यंत पाऊल उचलू नकोस.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जे टाइम लूपचे भयपट निघाले, त्यांतले बरेचसे मुळात चकव्याच्याच गोष्टी आहेत, असे माझे मत होत गेले आहे. तोच दिवस, तीच रात्र किंवा तोच तास पुन्हा पुन्हा वाट्याला येणारा माणूस हा त्यांचा नायक. यांतले उत्तम चित्रपट बहुतेक वेळा फाटक्या खिशाच्या माणसांनी केले आहेत. मोठ्या स्टुडिओने हा विषय घेतला की सहसा त्याचा धडा होतो. १९९३च्या ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये नायक रोज त्याच सकाळी उठतो, हळूहळू शहाणा होतो आणि सुटतो. तो विनोदी चित्रपट आहे, त्याला ते शोभतेही. भयपटात सुटायची धडपडच माणसाला आणखी गुंतवत नेते. चकव्यात चालत राहणाऱ्याचे होते तसेच.

याचा सर्वांत सरळ नमुना टाइम लूपच्या यादीत सहसा नसतो. १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन विद्यार्थी माहितीपट करायला जंगलात शिरतात. होकायंत्र धरून दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी ओढ्यावर आडव्या पडलेल्या त्याच ओंडक्यापाशी पोचतात, जो त्यांनी आधी ओलांडला होता. भूत दिसत नाही, रक्त नाही, पार्श्वसंगीत नाही. फक्त ओंडका. तो ओळखल्यावर मुलीचा जो आवाज फुटतो, तो ऐकताना आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातला प्रेक्षक मनात म्हणेल, आता बसा, चालू नका. दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी नटांच्या हाती कॅमेरे दिले, रोजच्या सूचना डब्यांत घालून जंगलात ठेवल्या आणि खाणे दिवसागणिक कमी केले. चित्रीकरणाचा खर्च काही दहा हजार डॉलरांचा, जगभरची कमाई सुमारे २५ कोटी डॉलर.

पैशाचा हिशेब इथे महत्त्वाचा आहे. लूपच्या चित्रपटाला एक घर पुरते, चार-सहा नट पुरतात, आणि कपडे तर बदलायचेच नसतात. एकदा लावलेला प्रसंग तीन कोनांतून तीनदा दाखवता येतो. मात्र वाचलेला पैसा लेखनात भरावा लागतो. पहिल्या फेरीत टेबलावर पडलेली कात्री तिसऱ्या फेरीत कोणाच्या हातात असेल, हे आधी ठरलेले नसेल तर सगळा डोलारा कोसळतो. २००४च्या ‘प्रायमर’वर शेन कॅरथने सुमारे ७,००० डॉलर खर्चले आणि सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. तो भयपट नाही, पण आपल्याच दुसऱ्या प्रतीला टाळत फिरणाऱ्या माणसाची धास्ती पुढच्या अनेकांनी तिथूनच उचलली.

स्पेनच्या नाचो विगालोंदोचा ‘टाइमक्राइम्स’ (२००७) मला या सगळ्यांत नेटका वाटतो. एक्तोर नावाचा पोट सुटलेला, मध्यमवयीन गृहस्थ घरामागे खुर्ची टाकून दुर्बिणीने रान न्याहाळत बसलेला असतो. झाडीत त्याला एक तरुणी दिसते. तो पाहायला जातो आणि चेहऱ्याला गुलाबी पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस त्याच्या दंडात कात्री खुपसतो. पळता पळता तो एका प्रयोगशाळेत पोचतो, यंत्रात शिरतो आणि तासाभरापूर्वीच्या काळात बाहेर पडतो. पुढे कळते की त्या पट्ट्या मुळात पांढऱ्या होत्या, रक्ताने गुलाबी झाल्या. आणि ते रक्त कोणाचे, हेही कळते. नट मोजून चार-पाच, त्यांत शास्त्रज्ञाची भूमिका दिग्दर्शकाचीच. आपल्यावर कोण धावून आले होते हे समजल्यावरही एक्तोर थांबत नाही. आधी पाहिलेले सगळे तंतोतंत घडवून आणायची त्याची घाई पाहताना अंगावर काटा येतो, कारण त्याला कोणी भाग पाडत नसते.

ख्रिस्तोफर स्मिथचा ‘ट्रँगल’ (२००९) त्या मानाने खर्चिक, पण त्यातली दोन दृश्ये पैशाने विकत घेता येणार नाहीत अशी आहेत. निर्मनुष्य जहाजावर अडकलेल्या जेसच्या गळ्यातले लॉकेट जाळीतून खाली पडते, ती वाकून पाहते, तर खाली तशाच लॉकेटांचा ढीग. पुढे डेकवर एकाच मैत्रिणीची कितीतरी प्रेते, त्यांवर समुद्रपक्षी. ही फेरी पहिली नाही, हे सांगायला एक शब्दही खर्च होत नाही. जहाजाचे नाव एओलस. ग्रीक पुराणात हा सिसिफसचा बाप, आणि सिसिफस म्हणजे पाताळात तोच धोंडा अनंतकाळ डोंगरावर ढकलणारा. जेसला आपल्या मुलाकडे परतायचे असते. म्हणूनच ती पुन्हा जहाजावर चढते. आईच्या मायेलाच चक्राचा आस करणे मला क्रूर वाटते, आणि पटतेही.

‘कोहिरन्स’ (२०१३) तर जेम्स वॉर्ड बर्किटने स्वतःच्याच घरात पाच रात्रींत उरकला, खर्च सुमारे ५०,००० डॉलर. आठ मित्र जेवायला जमतात, आकाशात धूमकेतू असतो, वीज जाते, आणि गल्लीत दिवे असलेल्या एकमेव घरात डोकावावे तर आत आपणच जेवत बसलेलो. पूर्ण संहिता नटांना दिलीच नव्हती, रोज ज्याच्या त्याच्यापुरती चिठ्ठी मिळे. त्यामुळे पडद्यावरचा गोंधळ खरा आहे. काटेकोर अर्थाने हा लूप नव्हे, पण घराबाहेर पडलेला माणूस त्याच घरी परत येईल याची खात्री नसणे, ही भीती चकव्याचीच.

जस्टिन बेन्सन आणि ॲरन मूरहेड या जोडीने ‘रेझोल्यूशन’ (२०१२) आणि ‘दि एंडलेस’ (२०१७) अशी दोन भावंडे केली. दुसऱ्यात दोघे स्वतःच मुख्य भूमिकेत आहेत. पूर्वी सोडलेल्या पंथाच्या वस्तीवर दोन भाऊ परत येतात. वस्तीभोवतीच्या माळावर प्रत्येकाचा फेरा वेगळा: कोणाचा काही वर्षांचा, कोणाचा काही तासांचा, आणि एका तंबूतल्या माणसाचा तर काही सेकंदांचा. ‘रेझोल्यूशन’मधले दोघे मित्रही इथे त्यांच्या झोपडीत तसेच अडकलेले भेटतात. तंबूतला तो माणूस क्षणभरच दिसतो, पण चित्रपटातले सर्वांत मोठे भय तिथे आहे. वस्तीवरची माणसे मात्र शांत, आनंदी. त्यांनी फेरा पत्करला आहे.

स्वीडनच्या योहानेस न्यूहोमचा ‘कोको-दी कोको-दा’ (२०१९) मुलगी गमावलेल्या जोडप्याचा. जंगलात तंबू ठोकून झोपलेले दोघे दर पहाटे त्याच तीन विचित्र माणसांच्या तावडीत सापडतात, आणि नवरा दर वेळी आधी स्वतःचा जीव वाचवायला धावतो. शोक असाच असतो, रोज पहाटे त्याच जागी आणून उभा करतो. नताशा कर्मानीचा ‘लकी’ (२०२०) त्याहून थेट. घरात रोज रात्री एक माणूस मारायला येतो. बायको हादरते, तर नवरा थंडपणे सांगतो, हा तोच, रोज येणारा. पोलिसांचे प्रश्नही रोज तेच. लेखन आणि मुख्य भूमिका ब्रिया ग्रँटची. बाईवर रोज होणाऱ्या हिंसेच्या विषयाला लूपखेरीज दुसरा घाट शोभला नसता. ‘हॅपी डेथ डे’ने (२०१७) हाच मसाला तरुण प्रेक्षकांसाठी हलका केला, ४८ लाख डॉलरांत झालेल्या चित्रपटाने साडेबारा कोटींच्या आसपास कमावले. बघायला मजा येते, झोप मात्र उडत नाही.

या घाटाचा एक जुना धागा थेट मराठीपर्यंत येतो. १९४५च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश भयपटात एक वास्तुविशारद खेड्यातल्या घरी येतो आणि म्हणतो, हे सगळे मी स्वप्नात पाहिले आहे. शेवटी तो झोपेतून जागा होतो, फोन वाजतो, आणि तो पुन्हा त्याच घराकडे निघतो. हा चित्रपट फ्रेड हॉइल, थॉमस गोल्ड आणि हर्मन बोंडी या तीन शास्त्रज्ञांनी पाहिला. विश्वही असेच असेल तर, म्हणजे बदलत असूनही केव्हाही पाहिले तरी तसेच, असे गोल्डने सुचवले, आणि त्यातून १९४८मध्ये स्थिरस्थिती सिद्धान्त आला. याच हॉइलच्या हाताखाली केंब्रिजला जयंत नारळीकरांनी संशोधन केले. दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त १९६४चा. मराठी विज्ञानकथेला घरोघरी नेणाऱ्या लेखकाच्या गुरूचा विश्वविचार एका भुताच्या चित्रपटाने हलवला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

मराठीत मग काय आहे? अस्सल टाइम लूपचा, दाखवावा असा भयपट मला मराठीत दिसत नाही. पण त्याच्या उंबरठ्यावरची कामे आहेत, आणि ती चांगली आहेत. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ ही मालिका २०२० साली आली. कुमार महाजनचा हात पाहायला ज्योतिषी नकार देतो, कारण हुबेहूब हाच हात त्याने पूर्वी पाहिलेला असतो, सुदर्शन चक्रपाणीचा. चक्रपाणी जगून गेला तेच कुमारच्या वाट्याला येणार. तो डायरी वाचतो, चुकवायला बघतो, आणि चुकवताना नेमका तिथेच पोचतो. नितीश भारद्वाजांचा थकलेला, सगळे भोगून बसलेला चक्रपाणी लक्षात राहतो. फेऱ्याला इथे यंत्र लागत नाही, तळहात पुरतो.

विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७) कमी खर्चात काय साधते याचा उत्तम दाखला आहे. चारी बाजूंनी ऊस, मध्ये एक घर, त्यात गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि मायेने बोलणारी तुळसाबाई (उषा नाईक). ऊस उंच वाढला की वाटा बुजतात, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला वेगळा सेट नको. या घरात आधी जे बायकांच्या वाट्याला आले, तेच नेहाच्या दारात येते. मुलगी नको म्हणणारे घर पिढ्यान् पिढ्या तोच गुन्हा करते, आणि भूतही तोच खेळ मांडते. पुढे फुरियानेच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. मला मूळ मराठीच जास्त टोचतो, उषा नाईकांच्या आवाजातल्या घरगुती गोडव्यामुळे.

‘तुंबाड’ (२०१८) हिंदीतला, आणि स्वस्तातलाही नव्हे, पण त्याचे बीज आमच्या भागातले आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्राने त्यांना नारायण धारपांची गोष्ट सांगितली. ती भीती त्यांनी पंचवीस वर्षे सांभाळली. नागझिरा म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याचे रान. ‘तुंबाड’मध्ये काळ मागे फिरत नाही, पण त्याचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन पुन्हा पुन्हा देवीच्या त्याच गर्भात उतरतो, मुद्रा घेऊन वर येतो, आणि मग मुलाला तेच शिकवतो. मुलाची आणि शापित आजीची, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. वंशाचा फेरा दाखवायची याहून साधी युक्ती मला माहीत नाही.

शेजारी नजर टाकली तर आणखी दोन जंगले दिसतात. लिजो जोस पेल्लिसेरीचा मल्याळम ‘चुरुळी’ (२०२१) एका लोककथेने सुरू होतो. भूत पकडायला गेलेला नंबुदिरी त्याला टोपलीत घालून डोक्यावर घेतो, आणि टोपलीतले भूतच त्याला वाट सांगत रानात फिरवत ठेवते. मग दोन पोलीस वेश पालटून एका फरारी माणसाच्या शोधात रानातल्या वस्तीत शिरतात आणि तिथलेच होत जातात. डोक्यावरच्या टोपलीतून वाट सांगणारे भूत ही कल्पना मला हॉलिवुडच्या सगळ्या यंत्रांपेक्षा भारी वाटते. दुसरे जंगल तर गोंदियाच्या सीमेपलीकडचेच, छत्तीसगडचे. मनोज वर्मांचा ‘भूलन द मेझ’ संजीव बख्शींच्या ‘भूलन कांदा’ या कादंबरीवर आहे, आणि त्याला छत्तीसगढीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भूलन नावाच्या वनस्पतीवर पाय पडला की माणूस वाट विसरतो, दुसऱ्याने स्पर्श करेपर्यंत भानावर येत नाही. चित्रपट भयाचा नाही, गावाच्या न्यायाचा आहे. पण आपल्या रानातली समजूत घेऊन पुरा चित्रपट उभा करता येतो, हे त्याने सिद्ध केले.

तमिळ-तेलुगूतला अश्विन सरवणनचा ‘गेम ओव्हर’ (२०१९) इथे सांगायलाच हवा. चाकाच्या खुर्चीतली मुलगी, घरातली बाई, दारावरचा पहारेकरी, बाहेर मारेकरी, आणि व्हिडिओ गेमसारखे तीन जीव. एक घर, एक रात्र. मराठीत हा सहज होऊ शकला असता.

असे काम कोण करील, याचा विचार करताना मला जपानचे उदाहरण आठवते. क्योटोच्या ‘युरोप किकाकु’ या नाटकमंडळीने जुन्ता यामागुचीच्या दिग्दर्शनाखाली २०२०मध्ये ‘बियाँड दि इन्फिनिट टू मिनिट्स’ केला. जागा एक कॅफे आणि वरची खोली, कॅमेरा मोबाइलचा, नट बहुतेक मंडळीतलेच. पडद्यावर दोन मिनिटांनंतरचे आपणच दिसतो, आणि सगळा चित्रपट एका दमात घेतल्यासारखा वाटतो. नाटकवाल्यांखेरीज कोणाला हे जमले नसते. सेकंदाचा ठोका चुकला तर सगळेच गेले.

तशी मंडळी आपल्याकडे आहेत. दिवाळी झाली की गोंदिया-भंडारा-गडचिरोली-चंद्रपुरात मंडया म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती सुरू होतात, आणि त्यांच्या जोडीने या मुलखाची, म्हणजे झाडीपट्टीची, नाटके. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या एकच नाटक रोज नव्या गावात, रात्री सुरू करून पहाटेपर्यंत करतात. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आज प्रवेश नेमका कसा झाला आणि उद्या तो तसाच कसा करायचा, हे या नटांना शिकवावे लागत नाही. हंगाम होळीच्या सुमारास संपतो. त्यानंतर उन्हाळ्यात बांध्या मोकळ्या असतात, आणि नागऱ्याकडच्या एखाद्या शिवारात पाच रात्री, दोन मोबाइल, एक मोहाचे झाड आणि झाडीबोली बोलणारे सहा नट जमवणे अवघड नाही. लेखकाला मात्र आधी कागद घेऊन बसावे लागेल. पहिल्या फेरीत धुऱ्यावर पडलेला विळा तिसऱ्या फेरीत कोणाच्या हाती असेल, तिथून सुरुवात करावी.