उद्यमनगरातली ॲम्बॅसिडर

सकाळी ९.१५
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ सुरू झालेत. गॅरेजच्या दारात पांढरी पेट्रोल ॲम्बॅसिडर उभी आहे. १४८९ सीसीचं इंजिन. गुरुजींनी ती हिसके खात खात आणलीय. चढाला दम सोडते, सायलेन्सरमधून फाटफाट आवाज काढते. पॉइंट नवे टाकले की चार दिवस बरी, मग पुन्हा तेच.

मेस्त्री बॉनेट उघडतात. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा काढून कॅप बाजूला करतात. रोटर दोन बोटांत धरून आडवा हलवतात. शाफ्ट डुगडुगतो. "बघा की गुरुजी. बूश संपल्यात."

शाफ्टच्या कॅमला चार टोकं, चार सिलिंडरची. शाफ्टच डुलत असेल तर प्रत्येक टोकावर पॉइंट वेगळा उघडणार. एका सिलिंडरला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा. पॉइंट कितीही बदला, दोष तिथे नाहीच.

९.४०
ॲम्बॅसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. पार्ट शोधावे लागतात. मेस्त्रींच्या कपाटात भंगारातल्या गाडीचा एक डिस्ट्रिब्युटर आहे. शेजारच्या लेथवाल्याकडून त्याला गनमेटलचे बूश करून घेतलेत. बूशचे ३०० रुपये. मी त्याचा रोटर हलवून पाहतो, तो हलत नाही.

मग मेस्त्री व्हॅक्युमच्या नळीला तोंड लावून हवा ओढतात आणि टोकावर जीभ ठेवतात. आतली प्लेट किंचित सरकते, तशीच थांबते. "पडदा शाबूत हाय." काढायच्या डिस्ट्रिब्युटरच्या नळीतून मात्र नुसतीच हवा येते.

१०.१०
चारही प्लग काढले. हाताखालचा पोरगा पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून उभा. मेस्त्री फॅन हाताने फिरवतात. पुलीची खाच काट्यासमोर दोनदा येते. त्यातली एकच खरी. अंगठा आतून ढकलला गेला की पोरगा ओरडतो, "आलं!" कॉम्प्रेशन आलं. आता मेस्त्री गोणपाटावर गाडीखाली सरकतात, कारण काटे पुलीच्या खालच्या अंगाला आहेत. खाच वरच्या बिंदूच्या थोडी अलीकडे थांबवायची. पेट्रोल पेटायला क्षणभर वेळ लागतो. पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी ठिणगी हवी.

१०.४५
जुना बाहेर, दुसरा आत. बुडाची जीभ मधोमध नाही, एका बाजूला आहे. म्हणून ती एकाच बाजूने बसते. पोरगा दाबायला बघतो. "ठोकायचं न्हाई. रोटर फिरव हळू." तो फिरवतो. खट् करून डिस्ट्रिब्युटर खाली बसतो.

११.१५
आधी गॅप, मग टायमिंग. गॅप हलली की टायमिंगही हलतं, हे मेस्त्री पोराला दोनदा सांगतात. शाफ्ट टोकावर आणून पॉइंटमध्ये पंधराची पत्ती घालतात, म्हणजे एका इंचाचे पंधरा हजारांश. पत्ती अडकता कामा नये, सैलही नको. स्क्रू आवळताना गॅप सरकते, म्हणून पुन्हा बघायची. तीनदा बघतात. हे काम घाईचं नाहीच.

११.५०
इंडिकेटरचा एक बल्ब, दोन वायरी. एक कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. गॅप बघताना पुली फिरली, म्हणून खाच पुन्हा जागेवर आणतात. ती एकदा जुळली की पुलीला हात लावायचा नाही. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून मेस्त्री डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने जरा फिरवतात. बल्ब बंद. मग उलट, केसाकेसाने. बल्ब पेटतो. तोच क्षण. पॉइंट उघडला. मागे नेतात, विझतो. पुढे आणतात, पेटतो. तिथेच बोल्ट आवळतात, आणि डिस्ट्रिब्युटर जागचा हलला नाही ना ते पुन्हा पाहतात. इतक्या साध्या बल्बावर इतकं नेमकं काम होतं, हे पाहत राहावंसं वाटतं.

१२.३०
प्लग बसवले. वायरी एक, तीन, चार, दोन या क्रमाने, घड्याळाच्या उलट दिशेने. स्टार्टर मारला. दुसऱ्या झटक्याला इंजिन पकडतं.

जेवणाची सुट्टी. डबे उघडतात.

२.२०
चाचणी. गुरुजी शेजारी, मी मागे. चढाला मेस्त्री गाडी चौथ्यातच ठेवून वेग कमी करतात आणि ॲक्सिलरेटर दाबतात. कान पुढे. बारीक किटकिट ऐकू येते आणि जात नाही. म्हणजे ठिणगी लवकर पडतेय. गाडी कडेला घेऊन बोल्ट ढिला करतात, डिस्ट्रिब्युटर जरासा मागे. ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर वाढली. ते पेट्रोल २००० सालीच देशभर गेलं. आता त्यात इथेनॉल असतं. जुन्या पुस्तकातल्या आकड्यापाशी थांबून चालत नाही, पेट्रोल काय म्हणतं ते ऐकावं लागतं. दुसऱ्या फेरीत किटकिट एकदा होते आणि विरते. मेस्त्री मान हलवतात.

४.००
डिस्ट्रिब्युटर बूशसकट २,४००. पॉइंट, कंडेन्सर २६०. मजुरी ७००. त्यातले ४५० पोराचे आजचे. गुरुजी पाचशेच्या सात नोटा देतात, वरचे १४० पोराला चहाला. जुना डिस्ट्रिब्युटर मेस्त्री ठेवून घेतात. क्लिपा आणि वजनं अजून कामाची आहेत.

"गुरुजी, पाचशे किलोमीटर झालं की एकदा या. नव्या पॉइंटची टाच घासून बसती, गॅप कमी होती. पत्ती लावून बघतो."

"त्याचे किती?"

"मजुरीतच धरलंय की."