तळहाताला कळणारे नाणे

एसटीचा वाहक चामडी पिशवीत हात घालतो आणि न बघता सुटे पैसे काढून देतो. भाजीवाली पैसे परत करते तेव्हा तिचे लक्ष तराजूवर असते. ज्यांना दिसतच नाही, त्यांचा तर सगळा व्यवहार बोटांवर चालतो. नाणे घाईत, गर्दीत, अंधारात ओळखले जाते आणि ते आधी हात ओळखतो, डोळा नंतर. स्वतंत्र भारताची नाणी या कसोटीवर लावून पाहिली, की दिसते ते असे : सुरुवात फार चांगली झाली, मग बरीच वर्षे हाताचा विसर पडला आणि अलीकडे तो पुन्हा आठवला.

स्वातंत्र्य १९४७ साली मिळाले, पण नाण्यांवरचा राजा लगेच गेला नाही. प्रजासत्ताकाची पहिली मालिका १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. राजाच्या मुखवट्याच्या जागी सारनाथचे अशोकस्तंभावरचे सिंह आले आणि १९४७च्या निकेलच्या रुपयावर जिथे वाघ होता, तिथे धान्याची कणसे आली. हिशेब मात्र जुनाच राहिला : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. अधेली, पावली, चवली वापरणाऱ्या हातांना आकारांची सवय इंग्रजी अमदानीपासून होती. आणा कंगोरेदार, चवली चौकोनी. महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली भोकाचा पैसा निघाला. हेतू तांबे वाचवण्याचा होता, पण त्याच्याइतके बोटांना चटकन कळणारे नाणे दुसरे नव्हते.

खरी परीक्षा १ एप्रिल १९५७ रोजी झाली. त्या दिवशी रुपयाचे शंभर भाग झाले आणि ‘नया पैसा’ बाजारात आला. जुने आणे अजून चलनात होते. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास नये पैसे सरळ होत, पण एका आण्याचे होत सव्वासहा. देशातली बहुसंख्य माणसे तेव्हा निरक्षर होती. अशा वेळी आकार कामाला आले. एक नया पैसा काशाचा, लहान आणि गोल. दोनचा कंगोरेदार, पाचचा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, दहाचा पुन्हा कंगोरेदार पण दोनपेक्षा चांगलाच मोठा. पंचवीस आणि पन्नास निकेलचे गोल. वजनातही शिस्त होती : पंचवीस पैसे अडीच ग्रॅम, पन्नास पैसे पाच ग्रॅम आणि १९६२पासूनचा निकेलचा रुपया दहा ग्रॅम. दुप्पट किमतीचे नाणे हाताला दुप्पट जड लागे. शिवाय प्रत्येक नाण्यावर तो रुपयाचा कितवा भाग, हे हिंदीत लिहिलेले असे. लोक हिशेबाला सरावल्यावर १ जून १९६४पासून ‘नया’ शब्द गळला आणि नुसता पैसा उरला.

त्यानंतर धातूच्या किमतीने नाण्याचे रूप ठरवायला सुरुवात केली. नाण्यातली धातू नाण्याच्या दर्शनी किमतीहून महाग झाली, की ते वितळवले जाते. म्हणून साठच्या दशकात लहान नाणी अ‍ॅल्युमिनियमची झाली. तीन पैशांचे षटकोनी नाणे याच काळातले. वजन गेले, पण आकार टिकले : चौकोन, षटकोन, कंगोरे. १९८८पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे पोलादाचे गोल झाले, १९९२पासून रुपयाही. पोलाद स्वस्त आणि टिकाऊ, हे खरे, पण हाताला ओळखू येणारे आकार गेले. दोन रुपयांच्या तांबे-निकेलच्या नाण्याला तेव्हा निदान अकरा बाजू होत्या. २००५च्या सुमारास तेही पोलादाचे आणि गोल झाले.

२००७पासून हाताच्या मुद्रांची नाणी आली. पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. निरक्षर माणसाला ती कळत, पण त्याला ती बघावी लागत. २०११च्या मालिकेत तर गोंधळ पुरा झाला. रुपयाचे नवे नाणे २२ मिलिमीटर व्यासाचे आणि ३.७९ ग्रॅमचे निघाले, म्हणजे १९८८च्या पन्नास पैशांचे तंतोतंत माप. दोन रुपयांचे नवे नाणे २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे, म्हणजे १९९२च्या रुपयाचे माप. दोन्ही पिढ्यांची नाणी एकाच गल्ल्यात फिरत होती. वीस वर्षांत जे माप हाताला पाठ झाले, त्याच मापाला दुप्पट किंमत चिकटवली गेली. दिसणाऱ्याला हा त्रास होता. न दिसणाऱ्यावर तो अन्याय होता.

हाताला जे कळते, ते टाकसाळीत ठरते. मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९पासून उभी असलेली टाकसाळ, आणि तिच्यासारख्याच कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टाकसाळी हे काम करतात. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, भट्टीत तापवून त्या मऊ करतात, मग त्यांची कड दाबून उचलून घेतात. ही उचललेली कड चित्राला झिजण्यापासून वाचवते. शेवटी वरच्या आणि खालच्या ठशांमध्ये चकती दाबली जाते. त्या क्षणी तिच्याभोवती एक पोलादी कडे असते. नाण्याची बाहेरची रेघ आणि कडेवरचे दाते त्या कड्यातून उमटतात. म्हणजे नाण्याला बाजू द्यायच्या की नाहीत, दाते द्यायचे की नाहीत, हा प्रश्न सर्वस्वी माणसाच्या निर्णयाचा आहे.

हा निर्णय २०१९ साली नीट घेतला गेला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मदतीने आखलेली नवी मालिका अंध व्यक्तींना ओळखता यावी, हा तिचा जाहीर हेतू होता. किंमत वाढेल तसे आकारमान आणि वजन वाढते : रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा रुपये २७. नवे वीस रुपयांचे नाणेही २७ मिलिमीटरचेच, पण ८.५४ ग्रॅम वजनाचे, बारा बाजूंचे आणि कडेला दाते नसलेले. त्यावर धान्याची कणसे आहेत, १९५०च्या रुपयावर होती तशी. १९५७ साली जी समज आपल्याकडे होती, ती बासष्ट वर्षांनी परत आली.

तरीही काम अर्धेच झाले आहे. नवे दोन रुपये २३ मिलिमीटरचे आहेत आणि २०११चे पाच रुपयेही २३चेच. नवे पाच रुपये २५चे आहेत आणि जुने दोन रुपयेही २५चेच. जुनी मालिका बाजारात आहे तोवर नव्या मालिकेची शिस्त हाताला कळणार नाही. बँकेत परत येणारी जुनी नाणी पुन्हा बाजारात न सोडता हळूहळू काढून घ्यावीत आणि एकदा ठरलेले माप निदान एक पिढीभर बदलू नये. सरकारने करायचे ते एवढेच.

आपणही थोडे करायचे आहे. दहा रुपयांचे नाणे दुकानदार नाकारतात म्हणून रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये सांगावे लागले, की या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही वैध आहेत. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही खरे. तेव्हा दहाचे, विसाचे नाणे कुणी पुढे केले तर ते घ्या, द्या, चालू ठेवा. वापरात राहिलेले नाणेच हाताच्या ओळखीचे होते.