स्थिर गिअरच्या सायकलीत ब्रेकचे काम पायांकडे

पुण्यातील बालेवाडी क्रीडा संकुलासारख्या वेलोड्रोमवर धावणाऱ्या शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतात. त्यांचे मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के जोडलेले असते. नेहमीच्या सायकलीत फ्रीव्हील असल्याने पाय थांबले तरी चाक फिरत राहते. येथे मात्र चाकाबरोबर पेडलही फिरतात. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असल्यास पेडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरते. वेग कमी करण्यासाठी पायांनी उलटा दाब द्यावा लागतो. त्या दाबाने चक्र सुटू नये, म्हणून त्यावर उलट्या आट्यांची कडी घट्ट बसवतात. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर या कडीसाठी आटे नसतात. त्यामुळे जुन्या सायकलीपासून अशी सायकल तयार करताना योग्य हब वापरावा आणि रस्त्यावर चालवायची असल्यास पुढचा ब्रेक कायम ठेवावा.