शेजारणीची चूल थंड का?

खरं सांगा हं. शेजारच्या घरात सलग तीन दिवस बाहेरून जेवण आलेलं दिसलं, तर तुमच्या मनात पहिलं काय येतं? बाई आजारी आहे की काय, हे एक. आणि दुसरं जे येतं ते आपण मोठ्यानं बोलत नाही. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता पलीकडच्या वहिनींच्या कानावर घालतोच! मीही त्यातलीच. आणि ही सवय मी चक्क परदेशात बरोबर घेऊन गेले, त्याची ही हकिकत.

२०२३ साली ह्यांना फिलिपिन्समधल्या दुमागेते या गावी सहा महिने शिकवायला जायचं होतं. मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. तेव्हा मीही पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचे डबे बॅगेत घालून निघाले. दुमागेते निग्रोस नावाच्या मोठ्या बेटावर, अगदी समुद्राच्या काठी आहे. शहराचा दर्जा १९४८ सालचा, पण २०२० च्या जनगणनेत वस्ती जेमतेम १ लाख ३४ हजार. १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेलं सिलिमन विद्यापीठ इथलंच. त्यामुळे गावभर विद्यार्थी, आणि जिथं विद्यार्थी तिथं खानावळी हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या शेजारी एक सत्तरीच्या आजीबाई दोन नातवंडांना घेऊन राहत. मोठी नात नऊ वर्षांची, धाकटा नातू सहाचा. आजीला तिकडे ‘लोला’ म्हणतात. सगळी गल्ली म्हणे तशी मीही लोलाच म्हणू लागले. त्या मला ‘दाय’ म्हणत. तिथल्या बिसाया बोलीत धाकट्या बाईला मारायची ही मायेची हाक. लोलांकडे भात मात्र रोज शिजे. बाकी सगळं बाहेरचं! संध्याकाळी पाचच्या सुमाराला नात वाडगा घेऊन कोपऱ्यावर जाई आणि कालवण घेऊन येई. रविवारी तर फटफटीवरून पोरगा थेट दारात पिशव्या आणून देई. मी खिडकीतून बघे आणि ह्यांना म्हणे, “घरात बाईमाणूस असून ही तऱ्हा!” हे नुसते चष्म्यावरून बघत.

मग एकदा मीच त्या कोपऱ्यावर गेले. त्या जागेला म्हणतात ‘कारिंदेरिया’. घराच्याच ओसरीवर एक लांब बाक, त्यावर झाकण घातलेली आठ-दहा पातेली ओळीनं मांडलेली. मेनू-बिनू काही नाही. गिऱ्हाइकानं एकेक झाकण उचलून आत डोकवायचं आणि हवं त्यावर बोट ठेवायचं. आपल्या घरी कोणी असं पातेल्यात डोकावलं तर आपण डाव उगारू. तिथं मालकीणबाईच झाकण उचलून दाखवते. हो, मालकीणबाईच. मी पाहिलेल्या बहुतेक कारिंदेरिया बायकाच चालवत होत्या. पहाटे बाजार, सकाळी रांधणं, दुपारी शाळेतून आलेली मुलं तिथंच बाकावर अभ्यासाला. भात वाटीच्या मापानं, कालवण पळीच्या. चाळीस-पन्नास पेसोंत एका माणसाचं पोट भरे. पेसो म्हणजे आपला साधारण दीड रुपया. हिशेबी बाई म्हणून मी मनातल्या मनात आकडेमोड केली. तीन माणसांसाठी मासळी, तेल, गॅस आणि दोन तास धरले, तर लोलांचा व्यवहार काही तोट्याचा नव्हता. पण हे मी ह्यांना लगेच सांगितलं नाही!

माझी अडचण वेगळीच होती. मी मांस-मासे खात नाही. एका पातेल्यात चक्क अख्ख्या मुगाची आमटी दिसली. तिला म्हणतात ‘मोंगो’. शुक्रवारी मांस टाळण्याची कॅथलिक रीत असल्यामुळे शुक्रवारी ती हमखास असते. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. घरी आणली, पहिला घास घेतला, आणि तळाशी सुकी मासळी! दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंना सांगितलं, ‘वालाय कार्ने’, म्हणजे मांस नको. त्यांनी मान डोलावली आणि कोळंबी घातलेली भाजी दिली. त्यांचंही चुकलं नाही. मासळी म्हणजे काही मांस नव्हे! अखेर मी ‘मांस नको, मासा नको, कोळंबी नको, सुकटही नको’ असा मंत्रच पाठ केला. तो ऐकून त्या माझ्याकडे अशा कळवळून बघत, की जणू मला डॉक्टरांनीच हे सगळं वर्ज्य केलंय.

पोटभर आणि निर्धास्त खाल्लं ते बाजारातल्या ‘पाइनितान’मध्ये. ‘इनित’ म्हणजे गरम. सकाळी गरम गरम खायची ही जागा. लाकडी बाकड्यावर दाटीवाटीनं बसायचं आणि ‘पुतो माया’ मागायची. म्हणजे चिकट तांदूळ वाफवून नारळाच्या दुधात आल्याबरोबर मुरवलेला भात. शेजारी पिकलेल्या आंब्याची फोड आणि कपात ‘सिक्वाते’, म्हणजे कोकोच्या वड्या पाण्यात घोटून केलेलं दाट, किंचित कडवट चॉकलेट. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेला ‘बुदबुद’ही असतो. त्यातला ‘काबोग’ जातीचा बारीक धान्याचा असतो. तो सोलून पाहिला तर आपल्या वरीच्या तांदळाची आठवण यावी. आजूबाजूला कोळी, हमाल, रात्रपाळी उरकलेल्या नर्सबाया आणि नातवाला शाळेत सोडायला निघालेल्या आज्या. पुतो माया मी इकडे येऊन आंबेमोहोराची करून पाहिली. तांदूळ दोन तास भिजवावा, वाफवावा, मग नारळाचं दाट दूध, चवीपुरतं मीठ, थोडी साखर आणि ठेचलेलं आलं घालून पुन्हा मंद आचेवर मुरू द्यावा. तितका चिकट होत नाही, पण पाहुण्यांनी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली.

हॉटेलात सगळ्यात गंमत वाटली ती हातमोज्यांची. चिकन ‘इनातो’ हा त्या गावाचा अभिमानाचा पदार्थ. बांबूच्या काडीत अडकवून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. ‘इनातो’ म्हणजे ‘आपल्या पद्धतीची’. एरवी ही मंडळी उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा घेऊन इतकी सफाईनं जेवतात की सुरीची गरजच पडत नाही. पण ही कोंबडी हातानंच खायची, आणि त्यासाठी वेटर प्लास्टिकचे पातळ हातमोजे आणून देतो! ह्यांनी ते सरळ खिशात घातले आणि आपल्या रीतीनं जेवले. सोबत भात, वर भात आणि पुन्हा भात. इलोइलो शहरात २००३ साली निघालेल्या ‘मांग इनासाल’ या हॉटेलानं तर ‘हवा तेवढा भात’ ही कल्पना देशभर नेली. २०१७ मध्ये एका सिनेटरबाईंनी आरोग्यासाठी अशी भाताची खैरात बंद करावी असं सुचवलं, तेव्हा लोक इतके खवळले की बाईंना माघार घ्यावी लागली. भातावर हात घालू नये, हे आपल्या कोकणातही कोणी सांगेल!

आता मुख्य गोष्टीकडे येते. घरपोच जेवण.

मोठ्या कंपन्यांचे मुलगे तिथंही आहेत. पण लहान गावात त्याहून जास्त चालते ती ‘पाबिली’ची पद्धत, म्हणजे ‘विकत आणून द्या’. तुम्ही फोनवर सांगायचं, अमक्या दुकानातून तमकं आणा. पोरगा जातो, स्वतःच्या खिशातून पैसे भरतो, फटफटीवरून तुमच्या दारात येतो आणि मग तुमच्याकडून वस्तूचे पैसे आणि वर पन्नास-साठ पेसो घेतो. पत्ता कसला, तर ‘चॅपलच्या मागे, हिरवं फाटक, पिवळा कुत्रा’! त्याला कळतो. सुटे पैसे मात्र नेमके काढून ठेवावे लागतात. हजाराची नोट पुढे केली की बिचाऱ्याचा चेहरा उतरतो.

यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. गिऱ्हाईक फिरलं तर नुकसान पोराचं. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि सगळा देश घरपोच जेवणावर जगू लागला, तेव्हा काही महाभागांनी गंमत म्हणून खोट्या ऑर्डरी दिल्या. दारोदार जेवण घेऊन रडवेली उभी असलेली पोरं लोकांनी फोनवर पाहिली, आणि गोष्ट संसदेत विधेयक मांडण्यापर्यंत गेली. २०२१ साली मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतात तर संचारबंदीत पेज घेऊन निघालेल्या एका मुलाला पंचायतीच्या बाईंनी अडवलं. पेज काही अत्यावश्यक नाही म्हणाल्या. त्यावर देशभर एवढा गहजब झाला, की राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याला पेज अत्यावश्यकच आहे असं जाहीर करावं लागलं.

हे सगळं मी वाचलेलं होतं, बरं का. आणि तरीही ती चूक माझ्या हातून घडली.

एका संध्याकाळी कंटाळा आला म्हणून मी नूडल्स आणि ह्यांच्यासाठी भाजलेला मासा मागवला. तेवढ्यात वीज गेली. तिकडे ते नेहमीचंच. पंखा बंद, घरात उकाडा, फोनची बॅटरी संपलेली. हे म्हणाले, चल, समुद्रावर वारा खाऊन येऊ. पोरगा तासाभराशिवाय येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. रिझाल बुलेव्हार्ड म्हणजे तिथली चौपाटी. जुनी झाडं, दिवे, काडीवर तळलेले माशाच्या पिठाचे तुकडे विकणाऱ्या बायका, आणि रात्रीच्या अंधारात बोटींचे दिवे. बसलो ते बसलोच. परत आलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. फाटकाशी कोणी नव्हतं. आला नसेल, असं म्हणून मी भात टाकला आणि झोपले सुद्धा.

सकाळी लोला झाकलेलं ताट घेऊन आल्या. नूडल्स आणि मासा. पोरगा पाऊण तास फाटकाशी उभा होता, फोन करत होता. त्याच्याजवळ दिवसभराची कमाई तेवढीच होती आणि ती आमच्या जेवणात अडकली होती. लोलांनी आपल्या बटव्यातून ३८५ पेसो देऊन त्याला मोकळं केलं. “घरी बायको वाट बघत असेल ना, दाय,” एवढंच म्हणाल्या. मी चारशेची नोटांची घडी पुढे केली. त्यांनी पंधरा पेसोंची नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. तेव्हा कळलं. लोलांची मुलगी, म्हणजे या दोन मुलांची आई, हाँगकाँगमध्ये एका कुटुंबाकडे घरकाम करते. अशा सुमारे दोन लाख फिलिपिनो बाया तिथं आहेत. नियम असा की मालकाच्याच घरी राहायचं; सुटी आठवड्यातून एक दिवस, बहुतेकींना रविवारी. त्या दिवशी हजारो जणी भर शहरात रस्त्याकडेला पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात आणि घरी फोन लावतात. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशाबाहेर काम करणारे फिलिपिनो साडेएकोणीस लाखांच्या वर, आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका. सोमवार ते शनिवार ही मुलगी दुसऱ्याच्या मुलांचं आवडीनिवडी सांभाळून रांधते. रविवारी ती आपल्या मुलांसाठी जेवण मागवते. पैसे फोनवरून पोराला आधीच पोचते करते आणि कुठलं, किती, कसं ते सगळं तिथून सांगते. लोलांचे गुडघे गेलेले, एक डोळा अधू. तापल्या तेलाजवळ आईनं उभं राहू नये असं तिनंच बजावलंय. रोजचं कालवणही तिच्याच हिशेबात कारिंदेरियात महिन्याचं बांधून दिलेलं.

आणि मी खिडकीतून बघून काय बोलत होते, ते तुम्ही वर वाचलंच आहे.

बाराच्या सुमाराला फटफटी थांबली. मुलं धावली. तळलेली कोंबडी आणि गोड स्पगेटी, तिकडच्या प्रत्येक मुलाच्या वाढदिवसाचा बेत. त्या गोडपणाचं गुपित केळ्याचं केचप. टोमॅटोची चणचण असलेल्या देशात ही युक्ती मारिया ओरोसा या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या नावावर आहे. या बाई १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत मारल्या गेल्या. पण तो विषय एका वेगळ्या लेखाचा.

लोलांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर उभा केला. पडद्यावर मुलगी पुठ्ठ्यावर बसलेली, मांडीवर डबा. तिनं आधी मुलांना हात धुतलेत का विचारलं. मग स्पगेटी कोणाला किती वाढायची ते सांगितलं. धाकट्यानं कोंबडीचा पहिला तुकडा पडद्याला लावला, तिनं तिकडे तोंड उघडून खाल्ल्यासारखं केलं, आणि मगच त्यानं घास घेतला. हे दर रविवारचं, असं लोला म्हणाल्या.

मी एका बाजूला संकोचून बसले होते. पोरगा अजून दारातच होता. त्यानं पिशवीतून आणखी एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. भाजीचे लुम्पिया, म्हणजे तळलेल्या सुरळ्या. मी काही मागवलं नव्हतं. पडद्यावरची मुलगी हसत होती. पाहुणी काय खात नाही ते तिनं आईकडून विचारून घेतलं होतं.

“मांस नाही, मासा नाही, कोळंबी नाही,” पोरगा बोटं मोजत म्हणाला. “तीनदा विचारून घेतलंय, मादाम.”

त्याच्याकडे नीट बघितलं तेव्हा ओळख पटली. त्या रात्री तो आमच्याच फाटकाशी उभा होता.